कासखेड, नागेठ, फागुल, साज

गावंडे काकाजींच्या फाटकातून आत जायचं तर आधी पान ओळखावं लागतं. यातून कोणाचीच सुटका नाही. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेला माणूस भर उन्हात उभा असतो, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला असतो, आणि काकाजी त्याच्या नाकासमोर एक हिरवं पान धरून विचारतात, "सांगा, हे कोणतं?"

"दोडक्याचं?" तो बिचारा म्हणतो.

"डोळे हायेत का बटनं? हद्द पाहा, हद्द! दोडक्याच्या पानाची हद्द अशी राह्यते का?"

सिलिंडरवाल्याला हद्द पाहायची नसते, सिलिंडर खाली ठेवायचं असतं. पण या पानाला तीन पोटहिस्से आहेत, कडेला दुहेरी दात आहेत, देठ हिरवा आहे, सबब हे पान 'नागेठ' जातीचं. आणि त्या पलीकडच्या वेलीवरचं पाच पोटहिश्श्यांचं पान 'कासखेड' जातीचं, एवढं सगळं ऐकून झाल्यावरच सिलिंडर स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. एकदा एका नव्या माणसानं भोळेपणानं विचारलं, "कासखेड म्हणजे दिग्रसकडचं का?" तेव्हापासून काकाजी त्याला फाटकात घेत नाहीत. काकू त्याच्याकडून मागच्या दारानं सिलिंडर घेतात.

दारव्ह्यात आमचं घर काकाजींच्या घराला लागून आहे. मधे एक भिंत. ही भिंत आम्ही बांधली आणि ती वीतभर त्यांच्या जागेत आली आहे, असं काकाजींचं म्हणणं आहे. आली असेलही. काकाजी जन्मभर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला होते. या भागातल्या किती शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी साखळी टाकली आणि किती सख्ख्या भावांचं बोलणं कायमचं बंद करून दिलं, याचा हिशेब नाही. निवृत्त झाल्यावर शेतं सुटली, मोजायची खोड राहिली. लग्नाला गेले की आधी पावलं टाकून मांडव मोजतात आणि मग मुलीच्या बापाला गाठून सांगतात, "मांडववाल्यानं तुम्हाले फसवलं." माझ्या मुलीच्या बारशाला आले, तर बाळाकडे न बघता म्हणाले, "बाई, पाळणा भिंतीशी काटकोनात नाही." मी बाजूच्या गावच्या शाळेत शिक्षिका आहे म्हणून ते मला बाई म्हणतात. त्या दिवशी मी त्यांना काय म्हटलं ते लिहीत नाही.

दुसरी खोड दारूची. म्हणजे न पिण्याची. दारू न पिणारे पुष्कळ असतात, पण काकाजींइतक्या मोठ्या आवाजात न पिणारा माणूस मी पाहिला नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर ते भिंगातून वाचतात आणि नको तो शब्द सापडला की महिनाभर खोकत राहतात. होमिओपॅथीच्या गोळ्या त्यांना चालत नाहीत. जावई अत्तर लावून आला तर एक खुर्ची सोडून बसतात. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी बार उघडायचं चाललं होतं, तेव्हा काकाजी स्वतःचा टेप घेऊन रस्त्यावर उतरले. जीपगाड्या थांबवून शाळेच्या फाटकापासून बारच्या पायरीपर्यंतचं अंतर मोजलं आणि ते नियमात बसत नाही हे दाखवून दिलं. बारवाला वैतागून नेरला गेला. त्या विजयातून कॉलनीतल्या आम्हा बायकांचं व्यसनमुक्ती मंडळ निघालं. मंदाताई राऊत अध्यक्ष आणि काकाजी मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे बैठकीत सर्वांत जास्त वेळ बोलणारा माणूस, अशी माझी समजूत आहे.

आणि अशा माणसाच्या पोटी नितीन जन्मला.

नितीन हुशार. अमरावतीला अन्नप्रक्रियेचं शिकला, पुण्याला बिस्किटांच्या कारखान्यात लागला. काकाजींनी कॉलनीभर बिस्किटं वाटली. मग एक दिवस त्यानं ती नोकरी सोडली आणि तिथंच एका हॉटेलात बिअर बनवायला लागला. काचेच्या भिंतीमागे तांब्याची मोठमोठी भांडी असतात, आत हा बिअर बनवतो आणि बाहेर लोक ती बघत बघत पितात. हे सांगायला तो मुद्दाम घरी आला होता. आमची भिंत त्यांच्या जागेत असल्यामुळे त्यांच्या घरातलं आम्हाला स्पष्ट ऐकू येतं.

"दारू गाळाले शिकवलं का रे तुले मी?"

"बाबा, दारू नाही ती. बिअर हाय. जवाच्या दाण्यापासून बनते, तिले एक पद्धत—"

"मोहाची गाळणारेही असंच म्हणतेत! त्यांचीही पद्धतच राह्यते!"

नितीन त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं ते काही वर्षं बंदच राहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या भावाभावांत धुरे घातलेल्या माणसानं हा एक धुरा स्वतःच्या घरात घातला. लोकांनी विचारलं की काकाजी सांगत, "पेय उद्योगात हाय."

मंदाताईंनी एकदा विचारलं, "म्हणजे रसवंती का काकाजी?"

"मोठी रसवंती," काकाजी म्हणाले आणि पंख्याकडे बघू लागले.

काकू मुलाशी बोलायला गच्चीवर जात. त्या वर गेल्या की काकाजींना नेमकी पाण्याची टाकी भरली का हे पाहायचं असायचं. ते जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत चढत आणि तिथंच थांबत. टाकी तिथून दिसत नाही.

गेल्या संक्रांतीनंतर काकू पुण्याला जाऊन आल्या. येताना त्यांच्या पिशवीत ओल्या फडक्यात बांधलेली चार मुळं होती. बिअरला कडूपणा आणि वास आणणारी एक वेल असते, तिच्या चार जातींची. नितीननं हौसेनं मागवली होती. म्हणाला, आई, परसात लावून पाहा, जगल्या तर जगल्या. कोणती जात कोणती ते कळावं म्हणून त्यानं प्रत्येक मुळाला चिठ्ठी बांधली होती. दारव्ह्याला पोचेपर्यंत त्या चिठ्ठ्यांचा पिशवीच्या तळाशी लगदा झाला. काकूंनी नवऱ्याला सांगितलं, "फुलाची वेल हाय," आणि आमच्या त्या सुप्रसिद्ध भिंतीला लागून चारही मुळं लावून टाकली.

थंडी ओसरली तसे कोंब फुटले, दोऱ्या धरून वर चढू लागले. काकाजी एक दिवस तिथून जाताना थबकले. चारही वेली दोरीला एकाच बाजूनं वेढे घालत होत्या. मोजणीच्या माणसाला शिस्त दिसली की तो हलत नाही. ते खुर्ची घेऊन आले. काकूंना खरं सांगावंच लागलं.

मी भिंतीच्या इकडे उभी होते. आता उपटाउपटी होणार, याबद्दल मला शंका नव्हती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकाजी म्हणाले, "वेलीचा का दोष?" आणि थोड्या वेळानं, "नावं का सांगतले त्यानं?"

काकूंनी आठवतील तशी सांगितली. कॅस्केड, नगेट, फगल, साझ. ही नावं काकूंच्या तोंडातून निघून काकाजींच्या कानात शिरेपर्यंत त्यांचे सातबाऱ्यावरचे चार मौजे झाले होते. कासखेड, नागेठ, फागुल आणि साज.

आता नावं चार, वेली चार, पण कोणतं नाव कोणत्या वेलीचं हे कोणालाच माहीत नाही. म्हणजे हद्दीचा वाद. काकाजी पुन्हा कामावर रुजू झाले. फुलं आली असती तर वासावरून जात सांगता येते म्हणे, पण आपल्याकडचे दिवस या वेलीला हवे तेवढे लांब होत नाहीत, त्यामुळे ती फूल धरत नाही. उरलं पान. काकाजी भिंग घेऊन पानं बघू लागले, पट्टीनं मोजू लागले. पानाचे जे भाग पडतात त्यांना त्यांनी पोटहिस्से असं नाव दिलं, कडेला हद्द आणि मधल्या शिरेला शिवरस्ता. वेलीच्या अंगाला खरखरीत बारीक काटे असतात, त्यांनी हात ओरबाडून निघाले. बाहेरच्यांसाठी वेलीचं नाव 'निद्रावेल' ठेवलं. तिची वाळलेली फुलं उशीत भरली की झोप चांगली लागते असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. फुलं कधी यायचीच नव्हती, त्यामुळे उशी मागायला कोणी आलं नाही, पण मंडळाच्या मार्गदर्शकाला परसात काय लावलंय ते सांगायला एक बरा शब्द मिळाला.

पानं पाहूनही वाद मिटेना. मग प्रश्न पुण्याला जाऊ लागले. सरळ नव्हे, काकूंमार्फत. काकू गच्चीवर, काकाजी जिन्यात.

"नित्याची माय, त्याले विचार, नागेठच्या पानाले पोटहिस्से किती?"

"अरे, बाबा विचारतेत, नागेठच्या... काय हो?"

"पोटहिस्से!"

"पोटात काय हिस्से म्हणतेत रे... हो... तो म्हणते, तीन नाहीतर पाच."

"तीन का पाच? दोन्ही कसे असतीन? मोजणीत असं चालते का?"

हे असं आठवडाभर चाललं. काकूंचे गुडघे दुखत होते, जिना चढून-उतरून जीव मेटाकुटीला आला होता. एका रविवारी सकाळी त्या अर्ध्या जिन्यात खाली आल्या, फोन काकाजींच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "मले नाही समजत तुमची हद्द-फद्द. मले भाजी फोडणीले टाकाची हाय. तुमचं तुम्ही पाहा."

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काकाजी फोनकडे असे बघत होते, जणू तो त्यांच्या जागेत वीतभर आलाय. मग त्यांनी तो कानाला लावला. इतक्या वर्षांनी मुलाशी बोलताना काय म्हणावं त्यांनी? कसा आहेस नाही, काही नाही.

"पानाच्या कडेले करवतीसारखे दात हायत," ते म्हणाले. "दुहेरी. हे कोणतं?"

पलीकडे काय झालं मला माहीत नाही. काकाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "बारीक. बारीक हायत दात." आणि मग, "थांब, पट्टी आणतो."

तेव्हापासून दर रविवारी फोन सुरू झाले. काकाजींना फोनवर हळू बोलता येत नाही. पुणं लांब आहे, तेव्हा तितकं ओरडलंच पाहिजे असा त्यांचा हिशेब. त्यामुळे कासखेडच्या पानानं काल किती लांबी गाठली, साजच्या देठावर लाली किती, फागुल मागे का पडली, हे सगळं आम्हाला पाठ झालं. आमचे हे एका रविवारी चहा पिताना म्हणाले, "फागुलची तब्येत बरी नाही वाटते." मग स्वतःच दचकले.

मे महिना आला. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं पाहिला त्याला सांगायची गरज नाही. काकाजींनी हिरवी जाळी बांधली, पोती ओली करून लावली. तरी पानं करपायला लागली. शेवटी त्यांनी बैठकीतला कूलर ओढत परसात नेला आणि वेलींसमोर लावला. काकू वर्तमानपत्रानं वारा घेत आत बसल्या. शेजारच्या बायका येऊन बघून जात. वेलीला कूलर आणि बायकोला पेपर, हे दृश्य दारव्ह्यात नवं होतं. काकूंनी मला सांगितलं, "म्या पण म्हटलं, मले लावून द्या त्या भिंतीपाशी. निदान पाणी तरी घालतीन."

पहाटे पहाटे काकाजी भिंतीपाशी खुरपं घेऊन काहीतरी उकरताना दिसत. मी समजले, माती भुसभुशीत करताहेत. पाऊस पडला आणि चारही वेली पुन्हा तरारल्या. रविवारच्या फोनवर काकाजींनी जाहीर केलं, "चारही जगल्या! कासखेड तर म्हणू नको!"

पावसाळ्यात हिरवळ माजली, आणि त्यातच घात झाला. मंदाताईंची सून फोननं कोणत्याही झाडाचा फोटो काढते आणि फोन तिला झाडाचं नाव सांगतो. तिनं सहज निद्रावेलीचा फोटो काढला. फोननं नाव सांगितलं आणि उपयोगही सांगितला.

दुसऱ्या दिवशी व्यसनमुक्ती मंडळाची तातडीची बैठक काकाजींच्याच परसात भरली. मी सदस्य असल्यामुळे मला पुढची खुर्ची मिळाली.

"काकाजी," मंदाताई म्हणाल्या, "बार बंद करणारा माणूस बिअरची वेल लावते. लोक का म्हणतीन?"

"झोपीची वेल हाय ते," काकाजी म्हणाले. "निद्रावेल."

"बिअर पिऊन झोपच येते ना काकाजी!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. हसण्यासारखंच होतं. मार्गदर्शक खुर्चीवर बसले होते, त्यांच्या मागे पुरावा भिंतभर पसरलेला होता, आणि तो वाऱ्यावर हलतही होता.

"तुम्ही मोठे आहात," मंदाताईंनी जरा सबुरीनं घेतलं. "उपटून टाका, विषय संपला. आम्ही इथंच विसरून जातो."

तेवढ्यात काकू दारात आल्या. "म्या आणली ती," त्या म्हणाल्या. "त्यांना काही माहीत नव्हतं. म्याच उपटून टाकते उद्या."

काकूंनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. काकाजींना फक्त मान डोलवायची होती. अध्यक्षांचा मान राहिला असता, मार्गदर्शकाची खुर्ची राहिली असती, आणि मोठी रसवंती रसवंतीच राहिली असती.

काकाजी उठले. "नित्याची माय, तू थांब." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "माहा पोरगा पुण्यात बिअर बनवते. रसवंती-फसवंती काही नाही. बिअर. मले ते पटत नाही. त्याले मी तसं सांगतलं, अजूनही सांगीन. पण हे रोपं त्यानं पाठवले. याले कोणी हात लावाचा नाही."



"मंग मार्गदर्शकपद?" मंदाताईंनी विचारलं.

"घेऊन जा," काकाजी म्हणाले. "आणि जाताना फाटक लावून घ्या. गाय शिरते."

आम्ही फाटक लावून घेतलं. मंडळाची पुढची बैठक फार लवकर आटोपली, असं मंदाताईंनी स्वतः मला सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. सदस्यांचे नवरे मात्र त्या आठवड्यात एकेक करून काकाजींच्या फाटकाशी दिसू लागले. एकानं अगदी हळू आवाजात विचारलं, "काकाजी, याची घरी निघते का?" काकाजींनी त्याला पान ओळखायला लावलं. तो पुन्हा आला नाही.

पोळ्याला नितीन आला. किती वर्षांनी, ते काकूंच्या स्वयंपाकावरून कळत होतं. पुरणपोळ्यांचा वास आमच्या घरात सकाळपासून होता, आणि आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. आम्ही गेलो तेव्हा तो नुकताच गाडीतून उतरून आला होता, पाठीवरची बॅगही काढली नव्हती. काकाजींनी त्याला दारातूनच परसात वळवलं.

"च्या तरी घेऊ द्या ना त्याले!" काकू म्हणाल्या.

"आधी पान, मंग च्या."

नितीन भिंतीपाशी उभा राहिला. चारही वेलींवरून त्याची नजर फिरली. त्यानं एक पान हातात घेतलं, उलटं केलं, बोटानं खरखर पाहिली. मग दुसऱ्या वेलीचं. तिसऱ्या, चौथ्या. काकाजी बाजूला ताठ उभे. मोजणीच्या वेळी दोन्हीकडचे शेतकरी असेच उभे राहत असतील.

"सांग," काकाजी म्हणाले.

नितीन कान खाजवू लागला. "हे कासखेड," तो म्हणाला. कॅस्केड नाही म्हणाला, कासखेड म्हणाला.

"बरोबर. आणि हे?"

"नागेठ. तीन पोटहिस्से दिसून राह्यले ना."

"आणि ते?"

"ते साज. देठ लाल हाय. आणि हे कोपऱ्यातलं फागुल."

"पाह्यलं का बाई?" काकाजी माझ्याकडे वळून गरजले. "याले म्हणतेत डोळे!"

मला मनातून हसू आलं. बाप तसा बेटा, असंच मनात आलं. जेवताना बापलेकांनी पोळी कमी आणि पानाच्या हद्दीच जास्त चावल्या. वाद झाला, आवाज चढले, काकू सारखं तूप वाढत राहिल्या. बिअरचा शब्द कोणी काढला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारी नितीन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी तुळशीला पाणी घालत होते. पलीकडून काकाजींचा आवाज आला. नेहमीपेक्षा पुष्कळ खालचा, म्हणून मला आधी ओळखूच आला नाही.

"बाई, एक सांगू का? कोणापाशी बोलू नका."

"सांगा ना काकाजी."

"ही एकच हाय."

"काय एकच?"

"वेल. मे महिन्यात तीन मेल्या. कूलर लावून मेल्या. एक जगली. कोणती, ते देवाले माहीत. तिची मुळी जमिनीखालून फिरते. तिचे तुकडे काढले आन् बाकी तिन्ही जागी लावून देले."

मी कळशी खाली ठेवली. "पण पानं? पानं तर वेगवेगळी आहेत. तुम्हीच रोज दाखवता."

"एकाच वेलीवर बुडाशी बदामासारखं पान येते, मधात तीन हिश्श्याचं, वर पाच हिश्श्याचं. ज्या जागी जे पान पायजे, ते तोडून दाखवाचं. कोणाले समजते?"

"मग हे सगळं कशाला काकाजी? सरळ सांगायचं नितीनला, एकच जगली म्हणून."

भिंतीवरून मला त्यांचा फक्त हात दिसत होता, ओरबाडलेला, एका पानाची कड चाचपणारा.

"चार असल्या तर चारींचं सांगता सांगता अर्धा तास जाते," ते म्हणाले. "एक म्हटली तर दोन मिनिटांत फोन खाली. मंग मी त्याले का विचारू? जेवला का? ते त्याची माय विचारते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "त्याला काही कळलं नाही म्हणजे बरंच झालं."

"नाही कसं?" काकाजी म्हणाले. "त्याचा धंदाच हाय तो. त्याले पाह्यल्याबरोबर समजलं. लहानपणापासून खोटं बोलला का डावा कान खाजवते. परवा चारही वेलींपाशी खाजवत होता."

आणि ते हसले. गावंडे काकाजींना आवाज न करता हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, असं म्हणायला हरकत नाही. मग घसा साफ केला, आणि आवाज पुन्हा मोजणीचा झाला.

"बाई, तुमच्या शाळेच्या कुंपणावर रानतोंडलीची वेल हाय ना? मागं तिकडं मोजणीले गेलतो, तवा पाह्यली होती. तिची एक फांदी आणून देजा. पान पाच हिश्श्याचं राह्यते, लांबून असंच दिसते. कोपऱ्यात लावतो. पाचवी निघाली म्हणून सांगतो त्याले."

"आणि नाव काय सांगाल?"

"नाव मी कायले सांगू? मी पान सांगतो. नाव तो शोधून काढन."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुंपणावरची एक फांदी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि जीपगाडीत मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या म्हातारीनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "कायची वेल हाय वो बाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पुण्याला विचारावं लागेल."